गेम कंपनीपर्यंत तक्रार पोचवायची कशी? रोबोटच्या पलीकडे जायची वाट

सुरुवात माझ्या आतेभावापासून करतो. पोरगा कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो, बारावीनंतर डिप्लोमा करतोय आणि रात्री जेवण झालं की तासभर एक बॅटल रॉयल गेम खेळतो. गेमचं नाव मुद्दाम घेत नाही. स्पर्धा-बिर्धा काही नाही, निव्वळ हौस. दिवाळीच्या सुट्टीत त्याने ७९९ रुपयांचा एक पॅक घेतला. यूपीआयमधून पैसे गेले, बँकेचा मेसेज आला, गेममध्ये मात्र काहीच जमा झालं नाही. मग सपोर्टच्या चॅटमध्ये मेसेज टाकला. उत्तर आलं, तुमच्या संयमाबद्दल धन्यवाद. परत मेसेज, परत धन्यवाद. चौथ्या दिवशी वैतागून माझ्याकडे आला.

"दादा, बारा वेळा लिहिलंय, तोच रोबोट तेच बोलतोय. लय डोकं फिरलंय बघ. आता वन स्टार देतो आणि इन्स्टावर यांची इज्जत काढतो."

मी त्याचे बाराही मेसेज वाचायला घेतले. पहिल्यात 'पैसे गेले, पॅक आला नाही' एवढंच होतं. बाकीच्या अकरांत राग होता, दोन-तीन ठिकाणी अस्सल कोल्हापुरी शिव्या होत्या. पण ऑर्डर नंबर एकातही नव्हता. प्लेअर आयडी नव्हता. तारीख नव्हती. समोर रोबोटच्या जागी माणूस बसला असता तरी त्याने काय तपासलं असतं?

आपण बहुतेक जण असंच करतो. आणि मग म्हणतो, कंपन्या ऐकत नाहीत. नाही ऐकत हे खरंच आहे, पण ऐकायला लावता येतं. ते कसं, ते आज बघू.

आधी बघा, किल्ली कुणाच्या हातात आहे

कंपनीला ऐकायला कसं लावायचं हे कोल्हापूरकरांना शिकवायची गरज नाही. टोलच्या वेळी सगळ्यांनी पाहिलंय. आणि २०२५ च्या जुलैअखेर नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण जामनगरच्या वनताराला नेली, तेव्हा काय झालं आठवा. गावागावांत लोकांनी जिओचं सिम पोर्ट करायला सुरुवात केली, दोन लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या, नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली. थोड्याच दिवसांत वनताराचे अधिकारी कोल्हापुरात आले आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात नांदणी परिसरात केंद्र उभारण्याचा प्रस्ताव त्यांनी मांडला. हत्तीण कुठे असावी हा या लेखाचा विषय नाही. आपल्या कामाच्या गोष्टी दोन. एक, लोकांनी नुसत्या कमेंट केल्या नाहीत, कंपनी रोज मोजते अशा आकड्याला हात घातला. दोन, कंपनी बोलायला आली तरी हत्तीण नेण्याचा आदेश न्यायालयाचा होता, त्यामुळे शेवटी गोष्ट परत न्यायालयातच जाणार होती. कंपनीकडे जेवढी किल्ली होती, तेवढंच कुलूप तिला उघडता येत होतं.

गेमचंही असंच आहे. गेम बनवणारी कंपनी वेगळी असू शकते, तो चालवणारी आणि पैसे कमावणारी म्हणजे पब्लिशर वेगळी, आणि तुमचे पैसे प्रत्यक्ष घेणारं स्टोअर तिसरंच. चौथं सरकार.

पबजी मोबाइलचंच घ्या. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात पबजी मोबाइल होता. त्या काळात पोरांनी कोरियाच्या क्राफ्टन कंपनीला किती टॅग केलं असेल, गणती नाही. पण बंदी आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकारने घातलेली. कंपनीने भारतातलं काम चीनच्या टेन्सेंटकडून काढून स्वतःकडे घेतलं, भारतात उपकंपनी काढली आणि २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आणला. जुन्या खात्यातलं सामान नव्या गेममध्ये न्यायची सोय दिली. मग २८ जुलै २०२२ ला तोही स्टोअरवरून गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात सरकारने तीन महिन्यांच्या चाचणीची परवानगी दिल्यावर परत आला. या सगळ्यात 'अनबॅन करा' असं गेमच्या रिव्ह्यूत लिहून काडीचा उपयोग नव्हता. पण 'माझ्या जुन्या खात्यातल्या स्किन नव्या गेममध्ये आल्या नाहीत' ही तक्रार मात्र शंभर टक्के कंपनीची होती, आणि ती ऑर्डर नंबरासकट लिहिणाऱ्याचं काम व्हायची शक्यता होती.

म्हणून तक्रार टाइप करायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे बदलणं नेमकं कुणाच्या हातात आहे? पैसे कापले पण वस्तू आली नाही, तर स्टोअर आणि पब्लिशर. गेम क्रॅश होतो, तर बनवणारी कंपनी. खातं बॅन झालं, तर पब्लिशर. गेमवर बंदी आली, तर सरकार. आणि 'नवीन अपडेटपासून गेममध्ये मजा राहिली नाही' ही तक्रार असेल, तर किल्ली पब्लिशरकडेच आहे, पण ती एकट्याने फिरत नाही. तिच्याकडे पुढे येतो.

तक्रार लिहायची कशी

आतेभावाला मी आधी पुरावे गोळा करायला बसवलं. दहा मिनिटांचं काम. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा ऑर्डर नंबर ईमेलवर येतो, तो 'जीपीए' या अक्षरांनी सुरू होतो. यूपीआय ॲपमध्ये त्याच व्यवहाराचा बारा आकडी नंबर असतो. गेममध्ये प्रोफाइल उघडलं की प्लेअर आयडी दिसतो. सेटिंग्जमध्ये गेमची आवृत्ती दिसते. फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती तर माहीतच असते. अँड्रॉइड ११ पासून बहुतेक फोनमध्ये स्क्रीन रेकॉर्डर आतच असतो, वरून खाली ओढलं की सापडतो. बग असेल तर तो घडताना वीस-तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करा. स्क्रीनशॉट काढताना वर घड्याळ दिसू द्या.

मग हे लिहिलं. सपोर्टला पाठवताना साध्या इंग्रजीत पाठवलं, पण मजकूर असा होता:

"माझा प्लेअर आयडी अमुक. अमुक तारखेला रात्री ९:४२ वाजता मी ७९९ रुपयांचा अमुक पॅक घेतला. ऑर्डर नंबर अमुक, यूपीआय व्यवहार नंबर अमुक. पैसे खात्यातून गेले आहेत, पॅक आलेला नाही. गेम बंद करून परत उघडला, फोन रीस्टार्ट केला, २४ तास वाट पाहिली. सोबत बँकेच्या मेसेजचा आणि गेममधल्या शिल्लकेचा स्क्रीनशॉट आहे. मला पॅक किंवा ७९९ रुपये परत हवेत. कृपया तक्रार क्रमांक द्या."

बस्स. शिवी नाही, 'मी तुमचा जुना खेळाडू आहे' वगैरे भावनिक काही नाही. शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. काय हवंय ते एका ओळीत सांगा, नाहीतर समोरचा 'तुमचा अभिप्राय संबंधित टीमला कळवला आहे' म्हणून विषय मिटवतो. आणि तक्रार क्रमांक घ्याच, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर तोच दाखवायचा असतो. सारखी नवी तिकिटं उघडू नका. त्याच तिकिटावर उत्तर द्या, नाहीतर तुम्ही दर वेळी रांगेत शेवटी जाऊन उभे राहता.

पाठवायचं कुठे? गेममधल्या चॅटवरच थांबू नका. प्ले स्टोअरवर गेमचं पान उघडून खाली गेलात की 'ॲप सपोर्ट'मध्ये डेव्हलपरचा ईमेल असतो. गेमच्या वेबसाइटवर तळाशी, प्रायव्हसी किंवा टर्म्सच्या पानावर, भारतासाठी 'ग्रीव्हन्स ऑफिसर' म्हणजे तक्रार निवारण अधिकारी दिलेला आहे का ते शोधा. तिथे माणूस असण्याची शक्यता जास्त.

आणि एक कळकळीची विनंती. गूगलवर 'अमुक गेम कस्टमर केअर नंबर' शोधून येईल त्या नंबरवर फोन करू नका. बहुतेक मोबाइल गेमना फोनवरचा सपोर्टच नसतो. पलीकडचा माणूस 'रिफंडसाठी ही लिंक उघडा' म्हणाला की तुमचे ७९९ सोडाच, खातं रिकामं होतं. असं कुणाचं झालंच तर लगेच १९३० ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

पैशाची तक्रार: घड्याळ चालू असतं

पैशाच्या बाबतीत वाट बघत बसणं महागात पडतं. गूगल प्लेवर खरेदीला ४८ तास झाले नसतील तर रिफंडची विनंती थेट गूगलकडे करता येते. ४८ तास उलटले की गूगल तुम्हाला डेव्हलपरकडे पाठवतं. आतेभावाने चार दिवस रोबोटशी भांडण्यात घालवले आणि सोपी वाट तिथेच हुकली. तुमच्या कार्डवरून किंवा खात्यावरून कुणी अनोळखी माणसाने तुमच्या नकळत खरेदी केली असेल, तर ते कळवायला १२० दिवस मिळतात. आयफोनवाल्यांसाठी ॲपलचं 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' नावाचं पान आहे, रिफंड तिथून मागायचा. कॉम्प्युटरवर स्टीमवरून गेम घेतला असेल तर नियम अगदी सरळ: घेऊन १४ दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांपेक्षा कमी झालं असेल तर पैसे परत, कारण काहीही द्या.

बँकेकडून परस्पर पैसे मागे घेण्याचा मार्ग, ज्याला चार्जबॅक म्हणतात, तो शेवटचा ठेवा. बऱ्याच गेममध्ये चार्जबॅक केला की खातंच बंद होतं. अमेरिकेत फोर्टनाइटच्या एपिक गेम्सवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जी कारवाई केली, तिच्यात हाही एक आरोप होता. पैसे कापल्याबद्दल कार्ड कंपनीकडे तक्रार करणाऱ्यांची खाती लॉक केली गेली, असं आयोगाचं म्हणणं होतं.

ते प्रकरण आपल्यासाठी फार बोलकं आहे. फोर्टनाइटमधली बटणं अशी मांडलेली होती की गेम लोड होत असताना चुकून एक बटण दाबलं तरी खरेदी व्हायची. आयोगाच्या म्हणण्यानुसार दहा लाखांहून जास्त तक्रारी कंपनीकडे गेल्या होत्या आणि कंपनीने दुर्लक्ष केलं. म्हणजे दहा लाख लोकांना वाटलं असेल की आपली तक्रार कचऱ्यात गेली. पण त्याच तक्रारी पुढे पुरावा झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये एपिकने २४.५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं आणि ते पैसे खेळाडूंना परत देण्यासाठी वापरले जाऊ लागले. त्यामुळे उत्तर आलं नाही तरी लेखी तक्रार केलेली असणं फुकट जात नाही.

क्रॅश, लॅग आणि गुपचूप मोजला जाणारा आकडा

आता एक अशी गोष्ट सांगतो जी फार कमी लोकांना माहीत असते. गूगल प्ले प्रत्येक गेम किती वेळा क्रॅश होतो ते मोजतं. रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त लोकांना क्रॅशचा अनुभव येत असेल, किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त लोकांचा गेम अडकून 'ॲप प्रतिसाद देत नाही' असं येत असेल, तर गूगल त्याला वाईट वागणूक समजतं आणि तो गेम स्टोअरवर कमी लोकांना दाखवू शकतं. एकाच मॉडेलच्या फोनवर हे प्रमाण ८ टक्क्यांवर गेलं, तर त्या मॉडेलच्या लोकांना गेमच्या पानावर इशाराही दिसू शकतो. कंपनीला घाम फोडणारा आकडा हा आहे.

पण तुमचा क्रॅश या मोजणीत धरला जायला हवा असेल, तर फोनमध्ये 'युसेज अँड डायग्नोस्टिक्स' हा पर्याय चालू पाहिजे. सेटिंग्जच्या शोध चौकटीत नाव टाइप करा, सापडेल. आपल्यापैकी कितीतरी जणांनी बॅटरी वाचवायच्या नादात कुठल्यातरी व्हिडिओत बघून तो बंद केलेला असतो. स्वस्त फोन वापरणाऱ्यांनी तर चालू ठेवावाच, कारण तीन जीबी रॅमच्या फोनवर गेम कसा चालतो हे कंपनीच्या ऑफिसातल्या भारी फोनवर कळत नाही. प्रायव्हसीची काळजी असेल तर बंद ठेवणं हा तुमचा हक्क आहेच, पण मग तुमचा क्रॅश कुणी मोजत नाही हे लक्षात असू द्या.

वन स्टार द्यावा का?

द्या की. पण कसा द्यायचा ते बघा. नोव्हेंबर २०२१ पासून प्ले स्टोअरवर तुम्हाला दिसणारं रेटिंग तुमच्या देशातल्या लोकांनी दिलेलं असतं. म्हणजे भारतातल्या सर्व्हरचा पिंग खराब असेल, तर भारतातलं रेटिंग पडतं आणि ते भारतातल्याच नव्या लोकांना दिसतं. शिवाय रिव्ह्यूला डेव्हलपर उत्तर देऊ शकतो आणि तुम्ही नंतर स्टार बदलू शकता. बरेच डेव्हलपर उत्तर देतात ते त्याच आशेने. त्यामुळे रिव्ह्यूत फोनचं मॉडेल, नेमकी अडचण आणि 'हे सुधारलं तर रेटिंग बदलेन' एवढं लिहा. आणि सुधारलं तर खरंच बदला हो!

फक्त शिव्यांची लाट आणली तर काय होतं ते २०२० च्या मे महिन्यात दिसलं. यूट्यूब विरुद्ध टिकटॉक या भांडणात आपल्या पोरांनी टिकटॉकचं रेटिंग १.२ वर आणलं. गूगलने लाखो रिव्ह्यू स्पॅम म्हणून उडवले आणि रेटिंग परत वर गेलं. ज्यांनी ॲप कधी वापरलंच नाही त्यांचा राग मोजला जात नाही. स्टीमनेही २०१९ पासून, गेमशी संबंध नसलेल्या कारणाने आलेली रिव्ह्यूंची लाट रेटिंगमधून वगळायला सुरुवात केली आहे.

याउलट हेलडायव्हर्स २. मे २०२४ मध्ये सोनीने जाहीर केलं की कॉम्प्युटरवर हा गेम खेळणाऱ्यांनाही प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं जोडावं लागेल. गेम विकला होता अशा कितीतरी देशांत जिथे ते खातं अधिकृतपणे उघडताच येत नाही. दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू आले. पण ते पैसे देऊन गेम घेतलेल्या लोकांचे होते, आणि मागणी एकच होती, ही सक्ती काढा. तीन दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. त्यानंतर खेळाडूंनी आपले रिव्ह्यू परत सकारात्मक केले. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण त्यामुळे पुढच्या वेळी कंपनीला कळतं की हे लोक ऐकलं तर परत येतात.

आणि २०१७ चं स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ विसरून कसं चालेल. खेळाडूंनी हिशोब मांडला की डार्थ व्हेडरसारखा एक हिरो मिळवायला साधारण ४० तास खेळावं लागेल. ईएने रेडिटवर जे गुळमुळीत उत्तर दिलं त्याला साडेसहा लाखांहून जास्त डाउनव्होट पडले, त्याचा गिनेस विक्रम झाला. हिरोंच्या किमती ७५ टक्क्यांनी उतरवल्या गेल्या आणि गेम बाजारात यायच्या आदल्या रात्री पैसे घेऊन वस्तू विकणंच तात्पुरतं बंद केलं गेलं. 'गेम लुटतोय' असं सगळेच म्हणतात. '४० तास' म्हटल्यावर उत्तर देणं भाग पडलं.

तर 'गेममध्ये मजा राहिली नाही' वाल्यांनो, हे तुमच्यासाठी. तुमच्या रंकाळ्यावर जमणाऱ्या स्क्वाडमधल्या चौघांनी एकच आठवडा वहीत लिहून ठेवा: किती मॅच, किती वेळा मॅच लागायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ, पिंग किती, किती वेळा संशयास्पद खेळाडू. मग तो तक्ता गेमच्या अधिकृत डिस्कॉर्डवर, अभिप्रायाच्या चॅनेलमध्ये टाका. तिथे कम्युनिटी मॅनेजर नावाचा माणूस असतो, ज्याचं कामच मुळी अशा गोष्टी वर पोचवणं हे असतं. त्याला शिव्या दिल्यात तर तो म्यूट करतो, आकडे दिलेत तर तेच उचलून मीटिंगमध्ये नेतो.

आपल्या जवळच्या कंपन्या तर अजून सोप्या. इंडस हा बॅटल रॉयल गेम पुण्याच्या सुपरगेमिंगने बनवला, १६ ऑक्टोबर २०२४ ला तो अँड्रॉइड आणि आयफोनवर आला. त्याआधी बराच काळ मर्यादित लोकांना बीटा खेळायला देऊन त्यांची मतं घेतली जात होती. गेम पूर्ण व्हायच्या आधी दिलेलं मत आणि गेम आल्यावर घातलेला गोंधळ यात फार फरक असतो. कोडच अजून पक्कं झालेलं नसतं. तेव्हा आवडत्या गेमचा बीटा निघाला तर त्यात घुसा.

हौशी असणं कायद्यात फायद्याचं आहे

आता समजा कुणीच ऐकलं नाही. मग आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. महाराष्ट्रात ग्राहक चळवळीचा इतिहास जुना, बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तिथपासूनचा. पण आपल्या पिढीला वाटतं ग्राहक म्हणजे मिक्सर नाहीतर फ्रीज घेणारा. पैसे मोजून सेवा घेतली की तुम्ही ग्राहक, मग ती गेममधली का असेना. उलट जो धंद्यासाठी सेवा घेतो त्याला या व्याख्येतून बहुतांशी वगळलंय. म्हणजे हौसेसाठी खेळणारा इथे भक्कम बाजूला आहे. अडचण एकच, फुकटात खेळणाऱ्याने काही मोजलेलंच नसतं, त्यामुळे त्याची केस इथे उभी राहणं अवघड.

पहिली पायरी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ८८००००१९१५ वर व्हॉट्सॲपही करता येतं. हे न्यायालय नाही, ते कंपनीला तुमची तक्रार पाठवून उत्तर मागतात. पण 'सरकारी हेल्पलाइनवरून आलंय' म्हटल्यावर बऱ्याचदा फाइल हलते.

त्याने झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. या कायद्याची सगळ्यात भारी गोष्ट अशी की तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. कंपनी बेंगळुरूची असो नाहीतर सिंगापूरची, तुम्ही कोल्हापूरचे असाल तर कोल्हापूरच्या आयोगात दाखल करू शकता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. वकील लागतोच असं नाही. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. एकाच अडचणीचे अनेक लोक असतील तर आयोगाच्या परवानगीने मिळून एक तक्रार करता येते. खरं सांगायचं तर ७९९ रुपयांसाठी कुणी इतकं करत नाही, तारखाही लांबतात. पण ३० हजारांचं खातं विनाकारण बंद झालं असेल तर विचार करण्यासारखं आहे. कंपनीचं भारतात ऑफिस असेल तर नोटीस पोचवणं सोपं जातं, परदेशातल्या पत्त्यावर पाठवायची तर दमछाक होते.

खातं बंद झाल्याची किंवा चॅटमधल्या छळाची तक्रार असेल तर अजून एक दार आहे. २०२१ च्या आयटी नियमांनी, लोकांचा मजकूर किंवा चॅट वाहून नेणाऱ्या सेवांना तक्रार अधिकारी नेमायला लावला. मूळ नियमांत २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. या समित्या २०२३ च्या सुरुवातीला आल्या. अर्थात तुम्ही खरंच हॅक वापरला असेल किंवा ग्राफिक्स वाढवणारं बाहेरचं टूल टाकलं असेल, तर आधी गेमचे नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी ते टूलही चालत नाही.

गेमने तुम्हाला फसवून खर्च करायला लावला असं वाटत असेल, तर 'डार्क पॅटर्न' हा शब्द लक्षात ठेवा. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'ऑफर संपायला ०५:०० मिनिटं' असं घड्याळ दर वेळी नव्याने सुरू होत असेल, तर ती खोटी घाई. मेंबरशिप घेताना एक बटण आणि रद्द करताना सात पानं, तर तो सबस्क्रिप्शनचा सापळा. तक्रारीत हा शब्द आणि तीन दिवसांचे तीन स्क्रीनशॉट टाका, वजन वाढतं.

वय १८ पेक्षा कमी असेल तर तक्रार आई-बाबांच्या नावाने करा. कायद्याने अज्ञान मुलाचा करार ग्राह्य नाही. हे घरी सांगायला धाडस लागतं, मान्य आहे. पण बाबांच्या खात्यातून पैसे गेलेले असतील तर त्यांना ते मेसेजवर दिसतातच.

आणि पैसे लावून खेळायचे गेम हा वेगळा विषय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदी आणणारा कायदा केला, त्यावर स्वतंत्र लेख लिहू.

बरं, त्या ७९९ रुपयांचं काय झालं?

नीट लिहिलेला ईमेल गेल्यावर दुसऱ्या दिवशी तक्रार क्रमांक आला. आठ दिवस शांतता. नवव्या दिवशी त्याच ईमेलवर एक ओळ लिहिली: १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ वर तक्रार नोंदवणार आहे. तेराव्या दिवशी माणसाने लिहिलेलं वाटावं असं उत्तर आलं, स्क्रीनशॉट परत मागितला. सोळाव्या दिवशी पॅक खात्यात जमा झाला. तोवर ज्या इव्हेंटसाठी तो घेतला होता, तो संपून गेला होता. आतेभावाने त्याबद्दल दुसरं तिकीट उघडलंय. या वेळी ऑर्डर नंबर पहिल्याच ओळीत आहे.